बावडीतला पंडित

मराठी घरात जन्मलेले दोन मोठे कवी वयाच्या ४६व्या वर्षी दिल्लीत वारले. बाळ सीताराम मर्ढेकर २० मार्च १९५६ रोजी गेले, गजानन माधव मुक्तिबोध ११ सप्टेंबर १९६४ रोजी. मर्ढेकरांचा जन्म खानदेशातल्या फैजपूरचा. मुक्तिबोधांचं घराणंही मूळचं जळगावकडचं, पण काही पिढ्यांमागे ग्वाल्हेर संस्थानात जाऊन स्थिरावलेलं. एकाने मराठी कविता बदलली, दुसऱ्याने हिंदी. योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये हे खरं. तरी या दोघांना शेजारी ठेवून वाचावं असं मला फार वाटतं, आणि मराठी वाचक नेमकं तेच करत नाही. मर्ढेकर आपल्याला पाठ्यपुस्तकात भेटतात, मुक्तिबोधांना आपण ‘ते हिंदीतले’ म्हणून मोकळे होतो.

निदान इंदूरकरांनी तरी असं मोकळं होऊ नये. हे गाव दोन भाषांत जगत आलेलं आहे. १९३५ सालचंच उदाहरण घ्या. त्या एका वर्षात इंदुरात हिंदी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष महात्मा गांधी. आणि त्याच वर्षी मराठी साहित्य संमेलनही भरलं, त्याचे अध्यक्ष औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. होळकरांच्या राजधानीला यात विशेष काही वाटलं नसावं. घरात मराठी, बाजारात मालवी, कचेरीत आणि सभेत हिंदी, हा इथला रोजचाच शिरस्ता. मुक्तिबोध तेव्हा १७ वर्षांचे होते आणि लवकरच आग्रा-बॉम्बे रोडवरच्या होळकर कॉलेजात शिकायला येणार होते. १८९१ साली शिवाजीराव होळकरांच्या काळात निघालेल्या या कॉलेजातून १९३८ मध्ये ते बी.ए. झाले.

तर या प्रकरणाचा विषय आहे एकटेपणा आणि लपवलेलं नैराश्य. उघडं नैराश्य ओळखायला सोपं असतं. कवी अश्रू, स्मशान, काळोख असे शब्द वापरतो, आपण मान हलवतो. लपवलेलं नैराश्य मात्र दुसऱ्याच कशाचे तरी कपडे घालून येतं. त्याचा सगळ्यात गोड नमुना मालव्याच्या मराठी माणसाला तोंडपाठ असतो: भास्कर रामचंद्र तांबे. मुंगावलीत जन्मलेले, देवासला राजपुत्रांना शिकवलेले, ग्वाल्हेरचे राजकवी, १९४१ साली ग्वाल्हेरलाच वारलेले. आपण गेल्यावर लोक घटकाभर हळहळतील आणि पुन्हा आपापल्या उद्योगाला लागतील, इतकी निष्ठुर गोष्ट तांब्यांनी गाता येईल अशा चालीत बसवली. इंदुरात जन्मलेल्या लता मंगेशकरांनी ती गायली. आता लग्नाच्या घरातसुद्धा रेडिओवर ते गाणं लागलं तर कुणी उठून बंद करत नाही. मरणावरच्या गाण्याला याहून चांगला वेश काय मिळणार?

तांब्यांनंतरच्या पिढीला हा वेश पुरेनासा झाला. दुसरं महायुद्ध, गिरण्या, रेशनच्या रांगा, भाड्याची खोली, महिनाअखेर. दुःखाचं कारण आता मावळत्या सूर्यात सापडत नव्हतं. मर्ढेकरांचं ‘काही कविता’ १९४७ साली आलं, त्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, आणि त्यातून ते १९५२ साली निर्दोष सुटले. त्यांची युक्ती अशी की घाट घ्यायचा संतांचा, ओवी-अभंगाचा, आणि आत भरायची यंत्रं, मुंग्यांसारखी माणसं, ओल्या पिंपात मेलेले उंदीर. वाचणाऱ्याला आधी विनोद वाटतो, मग ओकारी येते, आणि बऱ्याच उशिरा कळतं की हा माणूस मोडून गेलेला आहे. ज्या लयीत तुकोबांनी विठ्ठलाला हाक मारली त्याच लयीत हाक मारायची, आणि पलीकडे कुणी आहे की नाही याची खात्री नसायची. मर्ढेकरांचा एकटेपणा तो हाच. टी. एस. एलियटच्या १९२२च्या ‘द वेस्ट लँड’ची आठवण इथे सगळे समीक्षक काढतात आणि ते बरोबरही आहे. पण एलियटजवळ तुकाराम नव्हता, हेही त्याच दमात सांगायला हवं.

मुक्तिबोधांनी याच्या उलट वाट धरली. मर्ढेकर आखूड करत गेले, मुक्तिबोध लांबवत गेले. त्यांच्या कविता दहा-दहा, वीस-वीस पानं चालतात, संपता संपत नाहीत, आणि कवी स्वतःच सांगतो की त्या अपुऱ्या आहेत. हा माणूस असा का लिहू लागला याचं उत्तर शोधताना इंदूर लागतं.

१९४३ साली हिंदी कवी अज्ञेयांनी ‘तार सप्तक’ काढलं. सात कवींचा हा संग्रह म्हणजे हिंदी नवकवितेचा उंबरठा. त्यातला पहिला कवी मुक्तिबोध, आणि सातांपैकी आणखी एक, प्रभाकर माचवे, तेही मराठीभाषक. म्हणजे हिंदी नवकवितेच्या पहिल्या पंगतीत सातांतले दोघे घरी मराठी बोलणारे होते, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. या संग्रहात प्रत्येक कवीने स्वतःविषयी एक टिपण दिलं आहे. मुक्तिबोधांचं टिपण प्रांजळ आहे. मालव्याची मोकळी मैदानं आणि क्षिप्रेकाठच्या संध्याकाळी ही आपली पहिली प्रेरणा, असं ते सांगतात. हिंदीतल्या नव्या सौंदर्यवादी कवितेइतकाच मराठी कादंबऱ्यांतल्या माणुसकीचा आपल्यावर ठसा होता, हेही सांगतात. आणि इंदुरात आल्यावर मित्रांच्या आधाराने आपण स्वतःच्या आत शिरलो, जुना गुंता आणि मोघम कारुण्य मागे टाकलं, असं कबूल करतात. त्यानंतरची, १९३८ ते १९४२ ही वर्षं त्यांनी मानसिक झगड्याची म्हणून नोंदवली आहेत. शरीर आणि मन दोन्ही ढासळत असताना आपला व्यक्तिवाद आपल्याला चिलखतासारखा उपयोगी पडला, असं त्यांचं म्हणणं.

हे चिलखत नीट पाहण्यासारखं आहे. एकटेपणा आपल्यावर येऊन पडतो अशी आपली समजूत असते. मुक्तिबोध सांगतात की तो अंगावर चढवताही येतो, बाहेरचे वार चुकवण्यासाठी. पुढे तो उतरवायचा म्हटलं तर उतरत नाही. त्यांच्या पुढच्या सगळ्या कवितेचा झगडा या एका अडचणीशी आहे.

कौटुंबिक बाजू थोडक्यात सांगतो. वडील माधवराव ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात, म्हणून बदल्या आणि तुटक शिक्षण. आई वाचणारी, हरी नारायण आपटे आणि प्रेमचंद दोघेही तिच्या आवडीचे. प्रेमचंदांची गोडी मला आईने लावली, असं मुक्तिबोधांनी कृतज्ञतेने लिहून ठेवलंय. इंदूरच्या दिवसांत शांताबाईंशी ओळख झाली आणि १९३९ साली घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न झालं. पुढे नोकऱ्यांची भटकंती: बडनगर, शुजालपूर, उज्जैन, बनारस, जबलपूर, नागपूर आणि अखेर १९५८पासून राजनांदगावचं दिग्विजय कॉलेज. पैसा कुठेच पुरला नाही. त्यांचा सगळ्यांना ठाऊक असलेला फोटो बिडी पेटवतानाचा आहे. गालफडं बसलेली, नजर काडीच्या ज्योतीवर.

आता त्यांची ‘ब्रह्मराक्षस’ ही कविता. ती मी गोष्टीसारखी सांगतो, कारण ती गोष्टच आहे. शहराबाहेर, पडक्या वस्तीच्या बाजूला एक जुनी बावडी आहे. मालव्यात अशा बावड्यांची वाण नाही. खाली खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, तळाशी गार हिरवट पाणी, वर औदुंबराच्या फांद्या. या पाण्यात एक ब्रह्मराक्षस राहतो. ब्रह्मराक्षस म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको: विद्या होती पण ती कुणाला न देता मेला तो ब्राह्मण. लहानपणी पिंपळाखालून जाताना आजी ज्याची भीती घालायची तोच. पण कवितेतला हा राक्षस कुणाला धरत नाही, झपाटत नाही. तो अंग घासतो. रात्रंदिवस हात, छाती, तोंड घासतो आहे, आणि मळ जात नाही. घासता घासता मंत्र म्हणतो, शिव्या देतो, जगातल्या सगळ्या तत्त्वज्ञांचे सिद्धान्त नव्याने मांडतो. कधी चुकून सूर्याचा एखादा किरण तिरपा होऊन तळाशी आला, तर त्याला वाटतं, सूर्याने आपल्याला नमस्कार केला. चांदणं आलं तर वाटतं, चंद्राने आपल्याला गुरू मानलं.

इथे हसू येतं. यावंही. आपल्या ओळखीतले दोन-चार प्राध्यापक चटकन डोळ्यांपुढे उभे राहतात. पण कवी हसत नाही. तो या राक्षसाची चौकशी करत जातो आणि कळतं की हा माणूस एका जिन्यावर चढत होता, अंधाऱ्या जिन्यावर. पडला, पाय मुरगळला, पुन्हा चढला. चांगलं आणि वाईट यांतला निवाडा त्याला सोपा होता. त्याची दमछाक झाली ती चांगलं आणि त्याहून चांगलं यांतल्या निवडीत. बाहेरचं जग आणि आतलं मन यांचा मेळ घालणारं गणित तो मांडत राहिला, सांगायला कुणी भेटलं नाही, आणि त्या गणितातच मेला, एखाद्या मेलेल्या पाखरासारखा, कुणाला पत्ता न लागता. कवितेच्या शेवटी कवी म्हणतो की मला याचा शिष्य व्हायचंय. ओल्या मनाचा शिष्य. याचं अपुरं राहिलेलं काम पुढे न्यायचंय.

आता यात नैराश्य कुठे आहे ते शोधा. राक्षसाच्या मळात दिसतं, त्याच्या गर्वात दिसतं. पण खरं लपलंय ते त्या शेवटच्या इच्छेत. कारण कविता वाचताना आपल्याला पुरतं उमगलेलं असतं की बावडीतला तो पंडित खुद्द कवीच आहे. स्वतःचा शिष्य स्वतःच व्हायची वेळ आलेला माणूस किती एकटा असेल! ‘मी एकटा आहे’ असं साध्या शब्दांत सांगण्याऐवजी त्याने भुताची गोष्ट रचली. स्वतःला दोन माणसांत वाटून घेतलं, एकाला पाण्यात बसवलं, दुसऱ्याला काठावर. लिस्बनमध्ये पोर्तुगीज कवी फर्नांदो पेसोआ बराच आधी हेच करून गेला होता. त्याने तर वेगवेगळ्या नावांचे, वेगवेगळ्या स्वभावांचे कवीच निर्माण केले आणि प्रत्येकाच्या नावाने कविता लिहिल्या. पेसोआ त्या गर्दीत विसावला. मुक्तिबोधांना विसावा मंजूर नव्हता. काठावरच्याने पाण्यातल्याला वर ओढून काढलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

याच हट्टातून ‘अंधेरे में’ आली. साधारण १९५७ ते १९६२ या काळात ती रचली गेली आणि नोव्हेंबर १९६४मध्ये, कवी गेल्यावर, हैदराबादच्या ‘कल्पना’ मासिकात छापली गेली. मध्यरात्री शहरातून एक मिरवणूक चालली आहे. बँड आहे, संगिनी आहेत, रणगाडे आहेत. त्यात सेनापती, मंत्री, उद्योगपती, पत्रकार, कवी, समीक्षक असे दिवसा ओळखीचे असलेले चेहरे आहेत, आणि त्यांच्यासोबत शहरातला नामचीन गुंड डोमाजी उस्ताद. निवेदकाने हे पाहिलं, हाच त्याचा गुन्हा. तो पळतो, गल्लीबोळांतून, मार्शल लॉ लागलेल्या शहरातून. नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या कामगारांवर झालेला गोळीबार मुक्तिबोधांनी पत्रकार म्हणून पाहिला होता; त्याची सावली अभ्यासक या कवितेत ओळखतात. पळता पळता त्याला टिळकांचा पुतळा भेटतो. दगडाचा पुतळा हलतो, ठिणग्या उडतात आणि त्याच्या नाकातून रक्त वाहू लागतं. मराठी वाचकाने या ठिकाणी जरा थांबावं. टिळकांच्या पुतळ्यांना हार घालणाऱ्या कविता आपल्याकडे ढीगभर असतील. विचाराच्या ताणाने नाकातून रक्त येणारे टिळक मला तरी दुसरीकडे भेटलेले नाहीत. पुढे अंधारात गांधी भेटतात आणि निवेदकाच्या खांद्यावर एक मूल देतात, सांभाळ म्हणून.

ही भीती कवीच्या डोक्यातली होती असं म्हणून सुटता येत नाही. १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने मुक्तिबोधांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या शालोपयोगी पुस्तकावर बंदी घातली. एका गरीब मास्तराने चार पैसे मिळावेत म्हणून लिहिलेलं पाठ्यपुस्तक, आणि त्याच्यावर मोर्चे, सभा, आरोप. या घटनेने ते आतून हादरले, हे त्यांच्या जवळच्यांनी लिहून ठेवलं आहे. नैराश्याला कारण असतं, आणि पुष्कळदा ते घराबाहेर असतं. हे न पाहता अशा कवितेला ‘मनोविश्लेषणात्मक’ म्हणणारे समीक्षक मला कधीच पटले नाहीत.

आता धाकटा भाऊ. शरच्चंद्र मुक्तिबोध, जन्म १९२१, इंदुरातच. तेच घर, तीच आई, त्याच क्षिप्रेकाठच्या संध्याकाळी. पण हा नागपुरात स्थिरावला आणि मराठीत लिहू लागला. ‘नवी मळवाट’ १९४९ साली, ‘यात्रिक’ १९५७ साली. ‘क्षिप्रा’, ‘सरहद्द’ आणि ‘जन हे वोळतु जेथे’ या त्याच्या तीन सलग कादंबऱ्या म्हणजे मालव्यातल्या मराठी तरुणाची घडण समजून घ्यायची असेल तर हाताशी ठेवायची पुस्तकं. विचाराने दोघे भाऊ मार्क्सवादी, पण स्वभावाने वेगळे. थोरला तळाकडे उतरतो, धाकटा रस्त्यावर येतो. धाकट्याच्या कवितेतला एकटा माणूस चालत चालत इतरांत मिसळतो. निदान मिसळेन असा त्याला भरवसा असतो. कवी म्हणून मला थोरला मोठा वाटतो, हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र धाकट्याच्या कवितेकडे मराठीने जितकं दुर्लक्ष केलं तितक्या दुर्लक्षाला ती पात्र नव्हती. १९७९ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या समीक्षाग्रंथासाठी. मर्ढेकरांनाही अकादमीने मरणोत्तर गौरवलं ते ‘सौंदर्य आणि साहित्य’साठीच. कवींना समीक्षेबद्दल बक्षीस द्यायची ही आपली जुनी खोड दिसते.

१९६४च्या सुरुवातीला थोरल्या मुक्तिबोधांना पक्षाघात झाला. आधी भोपाळ, मग पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लक्ष घातल्यावर दिल्लीचं एम्स. मेंदूच्या आवरणाला क्षयाची बाधा झाली होती. शुद्ध हरपली ती परत आली नाही. तोवर त्यांचा एकही स्वतंत्र कवितासंग्रह निघालेला नव्हता. श्रीकांत वर्मांनी हस्तलिखितांतून कविता निवडल्या, शमशेर बहादुर सिंह यांनी प्रस्तावना लिहिली, आणि भारतीय ज्ञानपीठाने ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ छापलं. कवीला ते हातात धरायला मिळालं नाही. अंत्ययात्रेत मकबूल फिदा हुसेन होते. पंढरपूरला जन्मलेले, इंदुरात वाढलेले, देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली चित्रकला शिकलेले हुसेन. त्या दिवसापासून आपण पायातलं काढलं, असं ते पुढे सांगत. १९८०मध्ये नेमिचंद्र जैन यांच्या संपादनाखाली सहा खंडांची ‘मुक्तिबोध रचनावली’ निघाली. चंद्रकांत देवताले यांनी मुक्तिबोधांवर संशोधन केलं, इंदुरात अध्यापन केलं आणि दिलीप चित्र्यांच्या मराठी कविता हिंदीत नेल्या. एवढी वर्दळ हिंदीच्या बाजूने झाली. मराठीच्या बाजूने काय झालं, ते आपण आपल्याला विचारावं.

वाचायला कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. ‘अंधेरे में’पासून नको, दम लागेल. आधी ‘ब्रह्मराक्षस’, तेही मूळ हिंदीत आणि मोठ्याने. मराठी वाचकाला त्यात अडायला होत नाही. संस्कृत शब्दांची ती ठेवण, ती वाक्यांची ओढ आपल्या ओळखीची आहे. मग मर्ढेकरांच्या ‘काही कविता’तल्या दोन-चार, मग धाकट्या मुक्तिबोधांचं ‘यात्रिक’. त्यानंतर एखादी सवड काढून, एका बैठकीत, ‘अंधेरे में’. आणि एक पथ्य पाळा: घरात कुणीतरी जागं असताना वाचा, म्हणजे वाचून झाल्यावर बोलायला माणूस असेल.